एकेक पोळी

शांतव्वाचं पत्र आषाढात आलं होतं. दिवाळी तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

शांतव्वा माझी धाकटी बहीण. तिचे कान पार गेलेत. फोनवर ती एकटीच बोलत राहते आणि समोरचं काही ऐकू येत नाही म्हणून शेवटी रडकुंडीला येते. त्यामुळं ती पत्र लिहिते. इचलकरंजीत लेकीच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून, चौथी शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिते. पत्र असं होतं:

‘अण्णास शांतव्वाची शरणार्थ. मी बरी हाय. लिफ्टचं भ्या वाटतंय म्हणून खाली उतरत न्हाय. गंगी कशी हाय? गाभण ऱ्हायली काय? उजव्या शिंगाला कुणाला हात लावू दिऊ नको, तिथं दुखतंय तिला. आता बेंदूर आला. माझ्या हातनं पोळी खाल्ल्याबिगर तिचा एक बेंदूर गेला न्हाय. औंदा तू चार. माझ्या नावानं एक पोळी. एकच. कशी खाल्ली ते कळव.’

कशी खाल्ली ते कळव. एवढंच तिनं मागितलं होतं.

पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, मला खात्री नाही. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या लायब्ररीत दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलं. स्वतः लिहायला बसलो की पहिल्या ओळीतच वाटतं, हे कुणीतरी आधी आणि बरं लिहून ठेवलेलं असणार.

मला लहानपणापासून जनावरांचं वेड होतं. आमचं घर शहरात, लक्ष्मीपुरीत, तंबाखू-सुपारीच्या दुकानावर. तिथं मांजरसुद्धा ठेवायला वडिलांची परवानगी नव्हती. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या राहत, लोक तिथंच काढलेलं धारोष्ण दूध पेल्यानं प्यायचे. मीही जायचो, पण दुधासाठी नाही. म्हशींचे डोळे बघत कडेला उभा राहायचो. हात लावायचा धीर व्हायचा नाही. एकदा एका गवळ्यानं विचारलं, “काय ओ, बघूनच पोट भरतंय व्हय?” त्यानंतर बरेच दिवस मी तिकडं फिरकलो नाही. जनावरांवरची पुस्तकं मात्र मिळेल तिथून आणून वाचत राहिलो.

शांतव्वाला कुरुंदवाडला शेतकऱ्याच्या घरात दिलं. तिला जनावरांचं काही प्रेम नव्हतं. लग्नात ती रडली ती सासरच्या बैलांच्या भीतीनंसुद्धा रडली. पण मला वाटलं, काय नशीब काढलंय हिनं. सुट्टीत मी तिच्याकडं जायचो आणि गोठ्याच्या दारात पुस्तक घेऊन बसायचो. ती पाटी डोक्यावर घेऊन माझ्या अंगावरून ये-जा करायची.

“अण्णा, पाय घे.”

“तुझं बरं आहे, शांते. मला हे सगळं फार आवडतं.”

“तुला जनावरं आवडत्यात. मला त्यांचं शेण काढायचं असतंय. घे पाय.”

मी निवृत्त झाल्यावर मुलानं, शिवकुमारनं, शहराबाहेर गडमुडशिंगीच्या बाजूला जमिनीचा लहानसा तुकडा घेतला. तो फौंड्रीत सुपरवायझर आहे. म्हणाला, “अप्पा, जन्मभर पुस्तकातली जनावरं बघितलीसा. आता खरी पाळूया.” मला भरून आलं. आधी दोन शेळ्या आणल्या. मग कोंबड्या, ससे, बदकांची एक जोडी. आम्ही सगळे दर रविवारी तिथं जायचो आणि पुढं तर तिथंच घर बांधून राहायला गेलो. ती पहिली दोन-तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. करडू मांडीवर घेऊन बसलो की सून वर्षाराणी चहा आणून द्यायची आणि फोटो काढायची.

ते फोटो तिनं लोकांना पाठवले. लोक विचारू लागले, आमच्या पोरांना घेऊन येऊ का? आधी ओळखीचे आले, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे. एक दिवस रस्त्यावर पाटी लागली: ‘अप्पांचं शिवार’. रविवारी माणशी तिकीट, त्यात नाष्टा, झुणका-भाकरी आणि जनावरांना चारा घालणं. मला फेटा बांधून फाटकापाशी उभं करायचे. “अप्पा, तुम्हाला काही बोलायला लागत नाही,” वर्षाराणी म्हणायची, “तुम्ही नुसते उभे राहिलात तरी लोकांना बरं वाटतं.” ती मनापासून म्हणायची. मलाही कधी कधी वाटायचं, आपण निदान एवढे तरी उपयोगाचे आहोत.

गंगी आली ती यानंतर. कुरुंदवाडला दोनदा महापूर आला. पहिल्या पुरात शांतव्वाची बाकीची जनावरं गेली. दुसऱ्या पुराच्या आधी घाईघाईनं गंगीला टेंपोत चढवताना तिच्या उजव्या शिंगाचं टोक मोडलं. मग शांतव्वाचा नवरा वारला. लेक शिवलीला आईला इचलकरंजीला घेऊन गेली आणि गंगी आमच्याकडं आली. शांतव्वा टेंपोत पुढं बसली नाही. मागं गंगीच्या गळ्याला धरून उभी राहून आली. दावं माझ्या हातात देताना ती मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, म्हणाली, “अण्णा, हिला पुस्तकं वाचून दाखवत बसू नको. येळंवर पाणी दाखव.”

सगळे हसले. मीही हसलो.

गंगी पांढरी खिलार गाय. पहिले काही दिवस तिनं कुणाच्या हातचं खाल्लं नाही. नंतर माझ्या हातचं खाऊ लागली. रोज दुपारी आंब्याखाली ती रवंथ करायची आणि मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून वाचायचो. मी पान उलटलं की ती कान हलवायची. हे खरं होतं की मला तसं वाटायचं, कोण जाणे. पण त्या दुपारी मला म्हशींचे डोळे बघत उभा राहिलेला मुलगा आठवायचा नाही, एवढं नक्की.

मग बेंदूर आला.

गावात बेंदराला ज्याच्या त्याच्या घरची जनावरं धुतात, शिंगं रंगवतात, घरातलं प्रत्येक माणूस त्यांना एकेक पोळी चारतं. घरात माणसं पाच, नाहीतर सात. जनावराला तेवढं सोसतं. आमच्याकडं वर्षाराणीनं पंधरा दिवस आधी जाहिरात केली होती: ‘शहरातल्या मुलांसाठी खराखुरा बेंदूर. गाईला स्वतःच्या हातानं पोळी चारा.’ रविवारही जुळून आला होता. गाड्या पार रस्त्याच्या कडेला लावाव्या लागल्या. आणि गाय आमच्याकडं एकच.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी गंगीपाशी गेलो. शांतव्वाच्या नावानं तिला पोळी चारली. तिनं ती जिभेनं ओढून घेतली आणि माझा हात चाटला. म्हटलं, आज संध्याकाळी पत्र लिहायचं, आणि हे असंच लिहायचं.

मग रांग लागली. प्रत्येकाच्या हातात पत्रावळीवर एक पोळी. पोरं भ्यायची, आई-बाप हात धरून पुढं करायचे, फोटो निघायचा, पुढचा यायचा. पोळी मऊ, गूळ-पुरणाची. गंगी खात राहिली. इतकं गोड आणि इतकं शिजलेलं एकाच दिवशी पोटात गेलं तर गुराचं पोट आंबतं, हे मी वाचलेलं होतं. कुठल्या पुस्तकात, कुठल्या कपाटात, तेही आठवत होतं. पण लगेच दुसरं वाटलं: ते पुस्तक परदेशातलं, तिकडच्या गाई वेगळ्या. आपल्याकडं पिढ्यानपिढ्या पोळी चारतात. आपण कोण सांगणारे?

तरी मी वर्षाराणीजवळ गेलो. “बाळ, पोळ्या बास झाल्या आता.”

“काय म्हणालात, अप्पा?” लाऊडस्पीकर चालू होता.

“गंगीला जास्त होतंय.”

“अहो अप्पा, एकेकच तर देतायत. लोकांनी तिकीट काढलंय. अर्ध्यातनं रांग कशी बंद करू?”

शिवकुमार मंडपात माइक घेऊन उभा होता. माझ्यापासून दहा पावलांवर. मी त्याच्याकडं निघालो. वाटेत एका पाहुण्यानं मला थांबवलं. “अप्पा तुम्हीच न्हवं? या की, एक फोटो.” मी फोटोला उभा राहिलो. मग दुसरे आले. रांग संपेपर्यंत मी फोटोतच उभा होतो.

संध्याकाळी गंगीनं रवंथ केला नाही. रात्री दात खात उभी राहिली. पहाटे बसली ती उठली नाही. पोट डाव्या अंगानं फुगलं होतं, शेणाला आंबूस वास येत होता. डॉक्टर आले. “काय घातलंय खायला?” त्यांनी विचारलं.

“पोळी,” शिवकुमार म्हणाला.

“किती?”

शिवकुमारनं वर्षाराणीकडं बघितलं. वर्षाराणी म्हणाली, “प्रत्येकानं एकेकच दिली, डॉक्टर.”

डॉक्टरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “तुमचंच न्हाय. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी मला जेवायला सवड मिळत न्हाय बघा.” त्यांनी सलाईन लावलं, सोडा पाजला. गंगी त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत गेली. मी तिच्या मानेखाली हात घालून बसलो होतो. तिचा कान शेवटपर्यंत माझ्या मनगटाला लागत होता.

जेसीबीनं कुंपणाकडेला खड्डा काढला, मीठ टाकून तिला पुरलं. पाऊस पडल्यावर तिथं गवत दाट आलं. मग तिथं पोरांसाठी झोपाळा बसवला.

वर्षाराणी रडली नाही असं मी म्हणणार नाही. चार दिवस तिनं नीट जेवण केलं नाही. शिवकुमार माझ्याशी बोलताना खाली बघायचा. पण पुढच्या रविवारचं बुकिंग झालेलं होतं. त्यानं बाजारातून दुसरी खिलार आणली. तीही पांढरी, गरीब, पण दोन्ही शिंगं धड. पहिल्या रविवारी कुणीतरी विचारलं, “गंगी कुठाय? फोटोत बघितली होती.” शिवकुमारनं नव्या गाईकडं बोट दाखवलं. तेव्हापासून ती गंगी झाली. महिन्याभरात हाकेला मान वळवायला लागली.

शांतव्वाचं पत्र माझ्या उशाशी होतं. मी रोज उत्तर लिहायला बसायचो. कधी सुरुवात पावसानं करायचो, कधी तब्येतीनं. दोन पानं भरायची आणि गंगीचं नाव यायचं नाही. मग फाडायचो. तिकडून शिवलीलाचा फोन शिवकुमारला यायचा, “मामा उत्तर का देईनात? आई रोज पोस्टमनला विचारायला लावती.” एके दिवशी शिवकुमारनं नव्या गाईचा फोटो काढला, उजवं शिंग आंब्याच्या बुंध्याआड जाईल असा, आणि शिवलीलाला पाठवून दिला. मला नंतर सांगितलं.

“अप्पा, म्हातारीच्या जीवाला बरं वाटू दे. कुणाचं काय नुकसान हाय?”

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. उत्तर माझ्यावाचून गेलं होतं.

दसऱ्यानंतर शिवलीलाचा पुन्हा फोन आला. या वेळी तिनं मलाच फोनवर बोलवायला सांगितलं.

“मामा, आई फोटो सारखा बघती. माझा मोबाईलच देईना झालीय. काल म्हणाली, गंगी अंगानं भरलीय, अण्णानं लक्ष दिलंय बघ. आता भाऊबीजेला तुमच्याकडंच यायचं म्हणती. लिफ्टचं भ्या वाटलं तरी उतरीन म्हणती. गंगीला गूळ घ्यायला लावला मला. डब्यात भरून उशाला ठेवलाय.”

मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला. मग रात्री जेवताना विषय काढला. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला.

“शांतव्वाला सांगावं लागेल.”

“आता?” वर्षाराणी म्हणाली. “सणाच्या तोंडावर?”

“ती येणार आहे. गाय बघणार.”

“अप्पा, आत्तीची नजर आता कुठं धड हाय?” शिवकुमार म्हणाला. “पिराजीला सांगितलंय मी, शिंगाचं टोक कानशीनं घासून घ्यायला. जनावराला दुखत न्हाय तेवढ्यानं. आत्ती येतील, गूळ घालतील, दोन दिवस राहून आनंदानं जातील.”

पिराजी आमच्याकडं जनावरांचं बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच कानस घेऊन गाईपाशी उभा होता. मी जवळ गेल्यावर म्हणाला, “ह्ये काय मला पटत न्हाय, अप्पा. पर मालक म्हणतो म्हटल्यावर...” आणि माझ्याकडं बघत राहिला. मी नको म्हणावं, याची तो वाट बघत होता. मी गाईकडं बघितलं. ती निवांत रवंथ करत होती. मला दिसलं ते एवढंच: माझी बहीण डबा उघडून गुळाचा खडा हातावर धरील, परक्या गाईच्या घासलेल्या शिंगाला जपून हात लावील, आणि विचारील, अजून दुखतंय काय गं? आणि आम्ही सगळे भोवती उभे राहून हसऱ्या तोंडानं बघू. शिवकुमार कदाचित फोटोही काढील. मी फेटा बांधून शेजारी असेन.

“राहू दे,” मी पिराजीला म्हणालो.

“मालकास्नी काय सांगू?”

“मी म्हणालो म्हणून सांग.”

खोलीत येऊन दार लावलं आणि लिहायला बसलो. या वेळी पावसानं सुरुवात केली नाही.

‘चि. शांतव्वास, गंगी बेंदराच्या तिसऱ्या दिवशी गेली. बेंदराला आलेल्या पाहुण्यांनी पोळ्या चारल्या, त्यानं पोट आंबलं. मला कळत होतं, पण मी रांग थांबवली नाही. फोटोतली गाय दुसरी आहे. गूळ आणू नकोस.’

इथं थांबलो. मी शांतव्वाला ओळखतो. ती पत्र तीनदा वाचील आणि मग तिला तिचीच ओळ आठवेल. माझ्या नावानं एक पोळी. ती विचारील, त्या पोळ्यांत माझी होती का? कान गेलेलं माणूस दिवसभर स्वतःशीच बोलत असतं. ती खिडकीशी बसून त्या एका पोळीचा हिशेब जन्मभर करील. एका पोळीनं काही होत नाही, असं मी लिहिलं असतं तरी तिनं मानलं नसतं. आमच्या अंगणात त्या दिवशी प्रत्येकानं तेच म्हटलं होतं.

त्या सकाळी गंगीनं पोळी ओढून घेतली होती आणि माझा हात चाटला होता. एवढी एकच गोष्ट मी नीट केली होती, आणि शांतव्वाला तेच हवं होतं. तेच त्या संध्याकाळी पत्रात लिहायचं ठरवलं होतं.

मी पुढं लिहिलं: ‘तुझ्या नावाची पोळी चारायची माझ्याकडून राहून गेली. गडबडीत विसरलो.’

त्याखाली सही केली. ती आता मनात म्हणेल, अण्णाला एवढंही जमलं नाही. खरंच म्हणेल. तिच्या तोंडचं वाक्यसुद्धा मला ऐकू येत होतं.

बाहेर शिवकुमार मोटरसायकल पुसत होता. पिराजीचा निरोप त्याला पोचलेला दिसला. त्याचं तोंड लाल झालं होतं. माझ्या हातातलं पाकीट बघून तो उठला.

“आत्तीला लिहिलंसा?”

“हो.”

“सगळं?”

मी मान हलवली.

“मग ती येत न्हाय आता,” तो म्हणाला. “परत कधीच येणार न्हाय. तुम्हाला कळतंय न्हवं अप्पा? काय मिळवलंसा?” मग जरा थांबून, हात पुढं करत, “आणा हिकडं. गावात निघालोयच, मी टाकतो.”

त्याच्या हाताकडं मी बघितलं. इथं आल्यावर पहिल्या वर्षी शेळीचं करडू उचलून माझ्या मांडीवर आणून देणारा तोच हात. त्यानं पत्र टाकलंही असतं कदाचित. मुलाबद्दल असं ‘कदाचित’ म्हणावं लागलं, हे मला गंगीच्या खड्ड्यापाशी उभं राहूनसुद्धा वाटलं नव्हतं इतकं जड वाटलं.

“मी जातो,” म्हणालो.

पोस्टापर्यंत चालत गेलो. रविवार नव्हता, तरी एका गाडीतून कुणीतरी हात केला, “अप्पा!” मी मान खाली घालून पुढं गेलो. पोस्टाच्या पेटीशी पोस्टमन किल्ली लावतच होता. त्यानं पिशवी पुढं धरली.

“द्या पावणं, थेट ह्यातच टाका.”

“भाऊबीजेच्या आधी पोचेल का?”

“इचलकरंजी व्हय? पोचंल की. बहिणीला काय?”

मी हो म्हणालो. पाकीट पिशवीत टाकलं. त्यानं पिशवीचं तोंड आवळलं, सायकलच्या हँडलला अडकवली आणि तो निघून गेला.